साक्षीदारांचे बोलावणे आणि साक्षीचे वाचन : टूमस्टोन, १८८१

टूमस्टोन येथील गोळीबाराविषयी गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्याचा बराचसा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे : पहिली गोळी कोणी झाडली? हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्याच्या आधीचा एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही. ज्यांच्या जबान्यांवरून हे उत्तर द्यावयाचे, त्या साक्षीदारांना न्यायासनापुढे कोणी बोलावले, कोणत्या हेतूने बोलावले, आणि कोण बोललेच नाही? या बोलावण्यापासून तोडली की साक्ष ही निव्वळ गोष्ट होऊन बसते. आणि या प्रकरणावरील लोकप्रिय लेखनात बहुतांशी हेच घडलेले आहे.

टूमस्टोन हे मेक्सिकोच्या सीमेपासून सुमारे ३० मैलांवर, चांदीच्या खाणींमुळे १८७९ साली वसलेले गाव. ॲरिझोना हे त्या वेळी अमेरिकन संघराज्यातील राज्य नव्हते. तो दर्जा त्यास १९१२ साली मिळाला. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी गावचा पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट व मॉर्गन, आणि डॉक हॉलिडे हे चौघे काही 'काउबॉय' मंडळींची शस्त्रे काढून घेण्यास गेले. त्या चकमकीत बिली क्लँटन आणि टॉम व फ्रँक हे मॅकलॉरी बंधू असे तिघे ठार झाले. पळून वाचलेल्या आइक क्लँटनने खुनाची फिर्याद दाखल केली, आणि जस्टिस ऑफ द पीस वेल्स स्पायसर यांच्यापुढे जवळजवळ महिनाभर प्राथमिक चौकशी चालली. तीत सुमारे ३० साक्षीदार तपासले गेले.

तत्पूर्वी कॉरोनरची चौकशी झाली होती. या दोन चौकशांमधील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मृत्यू कोणाचा व कशाने झाला, एवढेच कॉरोनरला ठरवावयाचे होते. म्हणून त्याच्या पंचांनी मृत्यू गोळ्यांच्या जखमांनी झाला व त्या अर्प बंधूंनी आणि हॉलिडेने केल्या, इतकेच नमूद केले. ते कृत्य समर्थनीय होते की नाही, याविषयी ते मौन पाळून राहिले. स्पायसर यांच्यापुढील प्रश्न निराळा होता : आरोपींना ज्यूरीपुढे उभे करण्याइतका पुरावा आहे काय? एकच मनुष्य दोन्ही ठिकाणी साक्ष देतो तेव्हा त्याला विचारलेले प्रश्न वेगळे असतात, आणि म्हणून त्याची उत्तरेही वेगळी वजने घेऊन येतात.

सीमेवरच्या गावात समन्स बजावणे ही साधी गोष्ट नव्हती. वस्ती खाणकामगारांची, गाडीवानांची, आज आहेत तर उद्या नाहीत अशा लोकांची. स्थानिक न्यायाधीशाचा हुकूम सीमेपलीकडे चालत नसे. कायद्याचे हुकूम जेथे शेरीफने अमलात आणावयाचे, तेथे शेरीफ जॉनी बेहन हाच फिर्यादी पक्षाचा एक प्रमुख साक्षीदार होता, आणि जामीन रद्द झाल्यावर वायट व हॉलिडे त्याच्याच कैदेत होते. गावातील दोन वृत्तपत्रांपैकी 'एपिटाफ' अर्पांच्या बाजूचे, तर 'नगेट' बेहनच्या बाजूचे. ज्याचा कोणत्याच बाजूशी संबंध नाही असा साक्षीदार मिळणे अशा गावात दुर्मीळच.

समन्स मनुष्याला हजर करू शकते. त्याच्याकडून सत्य वदवून घेण्याचे साधन म्हणजे उलटतपासणी. या कसोटीवर सर्व जबान्या सारख्या उतरत नाहीत. आइक क्लँटन स्वतः साक्षीला उभा राहिला, आणि अर्पांनी टपालगाडीच्या लुटीतील आपला सहभाग आपल्यापाशी कबूल केला होता असे सांगून त्याने फिर्यादीचेच नुकसान केले. उलट, वायट अर्पने १६ नोव्हेंबर रोजी लिहून आणलेले निवेदन वाचून दाखविले. आरोपीच्या अशा निवेदनाला कायद्याची मुभा असल्याने त्याची उलटतपासणी झाली नाही. हॉलिडे व मॉर्गन बोललेच नाहीत. म्हणून वायटचे सुसंगत कथन आणि आइकचे अडखळते कथन शेजारी ठेवून पहिले अधिक खरे मानणे, ही वाचनातील मूलभूत चूक होय. एकाची परीक्षा झाली, दुसऱ्याची झाली नाही.

स्पायसर यांनी आपल्या निर्णयात ज्या साक्षींवर विशेष भर दिला, त्यांतील दोन याच दृष्टीने लक्षणीय आहेत. एच. एफ. सिल्स हा रेल्वेचा इंजिनचालक, गावात नवखा. ॲडी बोरलंड ही घटनास्थळासमोर राहणारी शिवणकाम करणारी स्त्री. दोघेही कोणत्या गटाचे नव्हते. परंतु बोरलंडची साक्ष संपल्यावर स्पायसर स्वतः तिला भेटले, आणि फिर्यादी पक्षाचा आक्षेप बाजूस सारून त्यांनी तिला पुन्हा बोलावून काउबॉय मंडळींनी हात वर केले होते काय, हे विचारले. आपण तसे पाहिले नाही, असे तिने सांगितले. न्यायाधीशच येथे साक्षीदार आणणारा झाला. त्यांचा हेतू शुद्ध असेल. तरी निर्णयाचा एक आधारस्तंभ त्यांनी स्वतःच उभा केला, ही गोष्ट त्या निर्णयाच्या वाचकाने विसरता कामा नये.

स्पायसर यांना साक्षीदारांच्या मौनाचे सामर्थ्य ठाऊक नव्हते असे नाही. १८५७ सालच्या माउंटन मेडोज हत्याकांडाबद्दल यूटातील बीव्हर येथे जॉन डी. ली याच्यावर जे खटले चालले, त्यांत ते बचावाच्या वकिलांपैकी एक होते. १८७५ चा खटला ज्यूरीचे एकमत न झाल्याने निष्फळ ठरला. १८७६ साली, पूर्वी पुढे न आलेले साक्षीदार उभे राहिले आणि ली दोषी ठरला. टूमस्टोनमध्ये स्पायसर यांनी आरोपींना सोडले. मात्र वायट व हॉलिडे यांना मदतीस घेणे हे व्हर्जिलचे अविचारी कृत्य होते, असेही नोंदविले. ग्रँड ज्यूरीनेही पुढे आरोप ठेवला नाही. मार्च १८८२ मध्ये मॉर्गनचा खून झाला. त्या प्रकरणात पीट स्पेन्सच्या पत्नीने नवऱ्याविरुद्ध साक्ष दिली; पण पत्नीची ती साक्ष न्यायालयात ग्राह्य ठरू शकली नाही, आणि स्पेन्सवरील आरोप टिकला नाही. साक्षीदार उपलब्ध असूनही कायद्याचे कान बंद असू शकतात, हे त्यातून दिसते.

ग्रंथांकडे वळल्यास, स्टुअर्ट लेक यांच्या १९३१ च्या वायट-चरित्रात नायकाच्या तोंडी घातलेली पुष्कळशी वाक्ये लेखकाचीच आहेत. तेथे साक्षीचा प्रश्नच उरत नाही. ॲल्फर्ड टर्नर यांचा १९८१ चा ग्रंथ साक्षींचा मजकूर वाचकापुढे ठेवतो, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु तो मजकूर १९३० च्या दशकात पॅट हेहर्स्ट यांनी संपादून केलेल्या नकलेवर आधारलेला आहे. आणि ग्रंथनामातील 'इन्क्वेस्ट' हा शब्द कॉरोनरची चौकशी व स्पायसर यांची सुनावणी यांतील भेद पुसून टाकतो. कॉरोनरच्या चौकशीचे हस्तलिखित कागद २०१० साली बिस्बी येथे सापडल्याने तर हा भेद अधिकच जपावयास हवा.

मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकाला ही दृष्टी नवी नाही. महजर वाचताना निवाड्याइतकेच लक्ष तो हाजिर मजालसीच्या यादीकडे देतो. कारण कोण बसले होते हे कळल्यावाचून काय ठरले याचा अर्थ लागत नाही. टूमस्टोनच्या जबान्यांनाही हीच शिस्त लावावयास हवी. तिघे मेले, चौघे सुटले. या दोहोंमध्ये जे उभे आहे ते बोलावलेल्या माणसांचे शब्द होत. ते कोणाच्या बोलावण्यावरून उच्चारले गेले, हे आधी पाहिल्यावाचून पहिल्या गोळीच्या प्रश्नाला हात घालणे व्यर्थ आहे.