धुतलेले मीठ आणि कुणाच्याही हातचे पाणी : ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धेचा धडा

कल्याण-डोंबिवलीत ख्रिस्ती कुटुंबांच्या घरगुती प्रार्थनासभांना मी अनेकदा बसलो आहे. तिथे ‘साक्ष’ देण्याची पद्धत आहे. कुणाची नोकरी गेली, कुणाचे मूल आजारातून उठले. प्रसंग सांगून झाला की शेवटी त्याचे तात्पर्य येते. ते ऐकताना मला दरवेळी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आठवतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे प्राथमिक शिक्षण याच कल्याणात झाले. परंतु साक्षीचे रूप पार बदलून टाकले ते त्यांच्या पत्नीने.

‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1937 या काळात चार भागांत आली. तिचे दोन प्रकारचे वाचक मला भेटतात. एक म्हणतो, हे विनोदी संसारचित्र आहे, धर्म त्यात नावापुरता. दुसरा म्हणतो, ही एका ख्रिस्ती स्त्रीची साक्ष आहे, पण उपदेश फार थोडा. दोघांचीही तक्रार एकाच जागी येऊन थांबते : लेखिका तात्पर्य सांगत नाही. माझ्या मते तात्पर्य न सांगणे हीच या पुस्तकाची शिकवण्याची रीत आहे.

तुलनेसाठी बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ घ्यावे. तेही धर्मांतराचेच आत्मचरित्र. पण तिथला प्रवास ग्रंथवाचन, शंका आणि वादविवाद यांतून होतो. लक्ष्मीबाईंना शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. त्यांचा वाद चालतो तो चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी.

पुस्तकाच्या आरंभीच 1857 च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी आहे आणि त्यानंतर वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड आहे. घरात येणारे मीठ-साखरसुद्धा धुतले जाई. आपण हे वाचून हसतो. पण ज्या घरात मीठ धुतात, त्या घरातल्या बायकांचे हाल काय होत असतील, हे हसू ओसरल्यावर ध्यानात येते.

1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार मोडला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, त्या आपले सोवळे सोबत घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. पुढे जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या. उत्तर सापडले तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचे पाणी वर्ज्य मानणे सोडून दिले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा क्रम महत्त्वाचा आहे : आधी भेदभाव गळाला, मग धर्म बदलला. वडिलांच्या धुतलेल्या मिठापासून लेकीच्या या पाण्यापर्यंतचे अंतर हाच पुस्तकाचा खरा धडा, आणि तो वाचकाने स्वतः जोडून घ्यायचा आहे.

नवऱ्याविषयीही त्यांची हीच रीत. टिळकांचा संताप, दानशूरपणाचा घरावर पडणारा भार, न सांगता निघून जाणे, यातले काहीही त्या झाकत नाहीत. संताच्या चरित्रात बसणार नाही असा नवरा त्या दाखवतात, आणि म्हणूनच त्याच्या ईश्वरभक्तीवर आपला विश्वास बसतो.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंच्या मनात ख्रिस्ताची मूर्ती कशी घडत गेली, हे ‘स्मृतिचित्रे’ फारसे सांगत नाही. त्यासाठी टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांनी पुढे नेलेल्या ‘ख्रिस्तायना’कडे वळावे लागते. गद्यात त्या अबोल आहेत, पद्यात मोकळ्या. त्यामुळे ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचायला हवीत. आपल्याकडे पहिले घरोघरी पोचले आणि दुसरे कपाटात राहिले.

साक्ष देणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना मी एवढेच सुचवीन : प्रसंग नीट सांगा, स्वतःचे हसे झाले असेल तर तेही सांगा. लक्ष्मीबाईंनी तसे केले, म्हणून ज्याला ख्रिस्ती व्हायचे नाही असा वाचकही त्यांच्याकडून काही शिकून उठतो.