परांचीवरील शब्द

घर बांधावयास निघालेला गृहस्थ वकिलाकडे येतो तो बहुधा घर गळू लागल्यानंतर. काही वर्षांपूर्वी असाच एक करारनामा माझ्यापुढे आला. त्याची भाषा मराठी होती. परंतु मर्माच्या प्रत्येक स्थळी एकेक इंग्रजी शब्द देवनागरीचा अंगरखा घालून उभा होता. ‘स्लॅबचे क्युरिंग योग्य प्रकारे करण्यात यावे’ हे त्यांतलेच एक कलम. मालकाने ते वाचून सही केली, ठेकेदाराने न वाचता केली आणि ज्याच्या हातून ते काम व्हावयाचे, त्या रखवालदाराला ते कोणी सांगितलेच नाही. उलटतपासणीत तो म्हणाला, “पाणी मारलं होतं की, साहेब.” तो खोटे बोलत नव्हता.

‘पाणी मारणे’ हा बांधकामावरच्या माणसांनी स्वतः घडविलेला प्रयोग. तो सुटसुटीत आहे, कोणत्याही कोशाची वाट न पाहता रूढ झालेला आहे, आणि तरीही मला तो सदोष वाटतो. काँक्रीट वाळल्यामुळे घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगाने होते, आणि त्यासाठी ते अखंड ओले राहावे लागते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत ही मुदत साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी किमान ७ दिवस व मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस सांगितली आहे. ‘मारणे’ या क्रियापदात मात्र मुदतीला जागाच नाही. हाक मारावी, दगड मारावा, तसे पाणी मारावे आणि मोकळे व्हावे! याउलट ‘भिजत ठेवणे’ हा आपल्या स्वयंपाकघरातला प्रयोग काळ पोटात घेऊनच येतो. हरभरे घटकाभरात भिजत नाहीत, हे कोणाही गृहिणीला शिकवावे लागत नाही. ‘स्लॅब ७ दिवस अखंड भिजत ठेवावा’ एवढेच त्या कलमात असते, तर रखवालदाराला कर्तव्य कळले असते आणि न्यायालयाला कसूर.

परकीय शब्दांचा विटाळ मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. इमारत, मजला, दरवाजा, गिलावा हे शब्द आपण फारसी-अरबीकडून घेतले. मेस्त्री आणि चावी पोर्तुगिजांकडून. गोव्यात बालकांवात बसून शब्दशुद्धीवर प्रवचन करणाऱ्याने आपण कोठे बसलो आहोत हे एकदा पाहून घ्यावे. ‘सेंट्रिंग’चेच उदाहरण घ्या. कमान रचताना तिला खालून तोलून धरणारा लाकडी साचा, हा त्या शब्दाचा मूळचा अर्थ. कमानी गेल्या, सपाट स्लॅब आले. शब्द मात्र स्लॅबखाली तसाच राहिला. परांचीवरचा प्रत्येक जण तो जाणतो, आणि ते केव्हा काढावयाचे यावर वादही तो शब्द वापरूनच होतो. अशा शब्दाला संस्कृत धातूपासून पर्याय शोधण्यात पांडित्य असेल, प्रयोजन नाही.

विहिरीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९६७ मध्ये बिहारच्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबावर खडक फोडणारी छिद्रणयंत्रे भारतात आणली; १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राच्या खेडोपाडी ‘बोअरची गाडी’ परिचयाची झाली. लोकांनी बोअरला विहिरीचे स्त्रीलिंग दिले, तिला ‘मारली’, आणि वर बसविलेल्या पंपाला ‘हापसा’ हे अस्सल आपले नाव दिले. सरकारी कागदांत ती ‘विंधन विहीर’ झाली. हा शब्द मला मनापासून आवडतो. ‘कूपनलिका’ बोजड आहे. ‘विंधणे’ हे मात्र जुन्या मराठीतले जिवंत क्रियापद, आणि कृतीचे यथार्थ चित्र त्यात आहे. तरीही तो मागे पडला, कारण गाडी दारात आली तेव्हा शब्द कचेरीतच होता.

‘केसिंग’ला काय म्हणावे? ‘आवरण-नलिका’ म्हटल्यास नळीवर काहीतरी पांघरल्याचा भास होतो. वस्तुतः ही नळी माती-मुरमाचा सैल थर ढासळू नये म्हणून कठीण खडकापर्यंत आतून बसवितात. शिंप्याचा ‘अस्तर’ हा शब्द येथे नेमका बसतो.

हा केवळ रुचीचा प्रश्न राहिलेला नाही. उघड्या बोअरमध्ये मुले पडून मरू लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले: काम चालू असता भोवती कुंपण असावे, केसिंगच्या तोंडावर पोलादी झाकण पक्के बसवावे, सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत भरून काढावी. ‘परित्यक्त कूपनलिकेचे आच्छादन’ असा अनुवाद फलकावर रंगविला, तर ज्याच्या शेतात ते भोक आहे तो फलक वाचून पुढे निघून जाईल. ‘कोरडी बोअर बुजवा, बुजवेपर्यंत तिचे तोंड उघडे ठेवू नका’ हे त्याला थांबवील. येथे ‘बोअर’ इंग्रजी आहे आणि ‘बुजवा’ मराठी; दोन्ही आवश्यक आहेत.

हल्ली करारांचे मसुदे मी याच रीतीने करतो. मुदती आकड्यांत, क्रियापदे घरगुती. परवा एका ठेकेदाराने असाच एक मसुदा दोनदा चाळून परत माझ्यापुढे ठेवला. “सगळं ठीक आहे, वकीलसाहेब,” तो म्हणाला, “पण यात क्युरिंगचं कलम राहूनच गेलंय.”