हत्तीच्या नाण्याचा धनी

1887 मध्ये ऑगस्टस फ्रँक्स यांनी बुखाऱ्याकडून आलेले एक जाड चांदीचे नाणे ब्रिटिश म्युझियमला दिले. वजन सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे आपल्या घरोघरी जपलेल्या राणीछाप रुपयाच्या जवळजवळ साडेतीनपट. एका बाजूस हत्तीवरील दोघांच्या पाठीस लागलेला भालाईत घोडेस्वार. दुसऱ्या बाजूस वज्रधारी, चिलखत ल्यालेला पुरुष आणि त्याला माळ घालणारी विजयदेवता. राजाचे नाव मात्र कोठेच नाही.

पर्सी गार्डनर यांनी ते बॅक्ट्रियातील उत्तरकालीन ग्रीकांचे मानले. 1906 मध्ये बार्कले हेड यांनी त्यात सिकंदर व पोरस पाहिले. 1973 मध्ये बॅबिलोनकडील साठा उजेडात आला; त्यात हीच नाणी सिकंदरकालीन नाण्यांसोबत निघाल्याने काळाचा वाद बहुतांशी मिटला. हेतूचा वाद मात्र उरला. फ्रँक होल्ट यांचा ‘अलेक्झांडर द ग्रेट अँड द मिस्टरी ऑफ द एलिफंट मेडॅलियन्स’ (2003) हा ग्रंथ त्यासाठीच वाचावा.

होल्ट यांचा उत्तम युक्तिवाद वज्राचा आहे. इ. स. पू. 326 मध्ये झेलम ओलांडताना रात्री मेघगर्जनेसह पाऊस कोसळला. चिखलात पोरसाचे रथ रुतले, जमिनीवर टेकून ओढायची लांब धनुष्ये निसटू लागली. साठ्यातील लहान नाण्यांवर नेमके धनुर्धर, रथ आणि हत्तीच आहेत! तेव्हा वज्र हे केवळ देवत्वाचे चिन्ह नसून त्या रात्रीच्या वादळाची खूण ठरते. हे वाचन मला पूर्णपणे पटते.

घोडेस्वाराविषयी मात्र सावध राहावे. सिकंदर व पोरस यांच्या द्वंद्वाची कथा ॲरिस्टोब्युलसने रचली, तेव्हा सिकंदराने ती नदीत भिरकावली, असे ल्यूशियन सांगतो. एरियनच्या वृत्तान्तात माघार घेणाऱ्या पोरसाच्या हत्तीजवळ घोडा नेणारा, आणि पोरसाने ज्याच्यावर भाला उगारला तो, तक्षशिलेचा राजा आहे. नाण्यावरचे दृश्य म्हणजे स्तुती. तिला साक्ष मानू नये.

ही नाणी म्हणजे भारतातच पाडलेली, सैनिकांना दिलेली पदके, हे होल्ट यांचे मत त्याहून दुबळे आहे. मार्टिन प्राइस यांनी नाण्यांवरील अक्षरांत सूसा येथील अबुलाइटीस व झेनोफिलस या अधिकाऱ्यांची नावे वाचली होती. दप्तरातील आद्याक्षरांवरून सही ओळखण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला तो पुरावा सहज बाजूला सारवत नाही. होल्ट यांनी त्याला दिलेले उत्तर मला अपुरे वाटते.