श्रेयांक वर्षांना की शिकण्याला?

अग्निशमन दलातील जवानाला प्रशिक्षणाचे आणि नोकरीतील अनुभवाचे पदवीसाठी श्रेयांक मिळावेत का? २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा ‘होय’ म्हणतो. अध्ययनाच्या ३० तासांना एक श्रेयांक, वर्षाला ४०. मूल्यमापन झाल्यावर अनुभवासाठी जादा भारांक, तोही जास्तीत जास्त दुप्पट. कामातून शिकलेल्यांसाठी विद्यापीठाचे दार उघडले, हे या आराखड्याचे मोठे यश.

उणीव आहे ती भारांकात. तो अनुभव मुख्यत्वे वर्षांनी मोजतो. तेलशुद्धीकरण कारखान्याजवळच्या केंद्रातील पाच वर्षे आणि क्वचितच वर्दी येणाऱ्या केंद्रातील पाच वर्षे त्याच्या लेखी सारखीच. दुसरे असे, की पेटत्या तेलावर पाण्याचा फवारा न मारता फेस वापरायचा, हे जवानाला सरावाने ठाऊक असते. तेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते, हे कारण त्याला सांगता येते का? श्रेयांक या उत्तराला हवा.

म्हणून सेवेच्या दाखल्यासोबत हाताळलेल्या घटनांची टिपणे आणि तोंडी परीक्षा आवश्यक धरावी. नाहीतर खरोखर शिकलेल्या जवानावर अन्याय होईल आणि नुसती वर्षे भरलेल्याच्या हाती पुढच्या आगीची सूत्रे जातील. तुमच्या विषयात अनुभवाची परीक्षा कशी घ्याल, याचा विचार करा.