‘शेवट असा नको होता’ : चित्रपटाविषयीच्या सहज मतांचे वाचन

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि प्रेक्षक बाहेर पडू लागतो. जिन्यावर, गाडी काढताना, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर तो काहीतरी बोलतो. ‘बरा होता.’ ‘एकदा बघायला हरकत नाही.’ ‘मध्यंतरानंतर लांबला.’ ‘रडवलं बाई.’ ही मते कोणी लिहून ठेवत नाही. दोन दिवसांनी ती बोलणाऱ्यालाही आठवत नाहीत. तिकीटविक्रीचे आकडे राहतात, परीक्षणांची कात्रणे राहतात. ज्यांच्यासाठी चित्रपट काढला त्यांचे बोलणे तेवढे विरून जाते.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात एकाच चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला, हेही सांगतो. पण त्या आठवड्यांत बाहेर पडणारी माणसे एकमेकांशी काय बोलली? आठवड्यांची संख्या उरली, बोलणे उरले नाही. इंग्लंडात १९३८ साली ‘मास ऑब्झर्वेशन’च्या मंडळींनी बोल्टन या गिरणगावातल्या प्रेक्षकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, पुढे जे. पी. मायर यांनी सामान्य प्रेक्षकांची चित्रपटविषयक निवेदने गोळा करून त्यांवर ग्रंथ लिहिले. आपल्याकडे गिरणगावही होते आणि प्रेक्षकही होता. मात्र त्याच्या बोलण्याला आपण ‘अभिरुचीचा प्रश्न’ म्हणून हाताळले. ते नीट ऐकण्याचे काम बाकीच राहिले.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. सहज मत हा चित्रपटाचा निवाडा नसतो. एका माणसाने दुसऱ्या विशिष्ट माणसाला दिलेला तो चित्रपट पाहिल्याचा वृत्तांत असतो. समीक्षक त्याला निवाडा समजतो आणि मग कच्चा निवाडा म्हणून बाजूला सारतो. ही चूक मी स्वतः बरीच वर्षे केली.

१

आधी या मतांची शब्दसंपत्ती पाहू. ती लहान आहे, पण दरिद्री नाही. ‘पैसे वसूल’ हा शब्द घ्या. वरवर तो तिकिटाचा हिशेब वाटतो. पण तालुक्याच्या गावी दुपारच्या खेळाला जायचे म्हणजे दुकानावर कोणाला तरी बसवायचे, म्हाताऱ्या माणसाचे जेवण आधी उरकायचे, परतीच्या एसटीची वेळ सांभाळायची. वसूल व्हायची असते ती ही सगळी खटपट. ‘घरच्यांबरोबर बघण्यासारखा’ हे मत पडद्याविषयी कमी आणि खुर्च्यांच्या रांगेविषयी जास्त असते: शेजारी सासरे बसले असतील तर मान खाली घालावी लागणार नाही, एवढी हमी त्यात दिलेली असते.

दुसरी खूण व्याकरणाची आहे. अशी मते बहुधा आज्ञार्थात संपतात. जा. बघ. जाऊ नकोस. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) पाहून आलेल्या बायका चित्रपटाचे गुणदोष फारसे सांगत नव्हत्या. ‘मैत्रिणींना घेऊन जा’ असे सांगत होत्या. मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट एकट्याने पाहायची नाही, हे त्या तीन शब्दांत आले होते. हे चित्रपटाच्या स्वरूपाविषयीचे विधानच आहे. कित्येक परीक्षणांत ते नव्हते.

माझ्या एका परिचितांनी एकाच चित्रपटाविषयी मित्राला ‘चुकवू नकोस’ म्हटले आणि दहा मिनिटांनी फोनवर धाकट्या भावाला ‘आईला नेऊ नकोस’ असे बजावले. दोन्ही मते खरी होती. तारे देऊन चित्रपट मोजायचा तर यांतले कोणते मत धरायचे? अमेरिकेत ‘सिनेमास्कोअर’ ही संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून ए-प्लसपासून एफपर्यंत श्रेणी घेते. ‘मदर!’ (२०१७) या चित्रपटाला तिथे एफ मिळाला. प्रेक्षक नाराज झाले एवढे त्यातून कळते. कोणाबरोबर आलेले, कशाच्या अपेक्षेने आलेले, हे त्या अक्षरात मावत नाही. ऐकणारा माणूस काढून घेतला की मताचा अर्धा अर्थ जातो.

२

प्रेक्षकाच्या उद्गाराला शास्त्रात स्थान द्यायचे की नाही, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातला सिद्धीविषयीचा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. प्रयोग साधला हे ओळखायचे कशावरून, असा तिथे प्रश्न आहे. उत्तर संहितेत शोधलेले नाही. ते प्रेक्षागृहात शोधले आहे. स्मित, मोठे हसू, शाबासकी, आश्चर्याचा आणि हळहळीचा उद्गार ही झाली वाणीची सिद्धी. अंगावर काटा येणे, जागेवरून उठणे, वस्त्र किंवा अंगठी फेकणे ही शरीराची. या दोन्ही मिळून मानुषी सिद्धी. तिच्या वर दैवी सिद्धी. तिची खूण अशी की प्रेक्षागृह भरलेले आहे आणि तरी कसलाही आवाज नाही.

तमाशातली दौलतजादा, संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’, ‘जय संतोषी माँ’ (१९७५) पाहताना चपला बाहेर काढून पडद्यावर नाणी उधळणारा प्रेक्षक हे सगळे याच घराण्यातले. आपण त्याला अडाणी भाबडेपणा म्हटले. भरताने म्हटले नसते.

याच अध्यायात भरत आणखी दोन गोष्टी सांगतो. तरुणाला एक आवडते, विरक्ताला दुसरे, शूराला तिसरे. हा भेद तो स्वाभाविक मानतो. आणि वाद पडला तर निर्णय देणारे प्राश्निक वेगवेगळ्या व्यवसायांतले असावेत असे म्हणतो: धनुर्धर शरीराच्या पवित्र्याविषयी बोलेल, चित्रकार नेपथ्याविषयी, वेश्या शृंगाराच्या व्यवहाराविषयी. म्हणजे ज्याचे जगणे ज्या गोष्टीशी जोडलेले, त्याचे तिथले मत प्रमाण. रुग्णालयाचे दृश्य पाहून ‘सलाइन असं लावतात का कुठं?’ म्हणणारी परिचारिका या अर्थाने प्राश्निक आहे. तिला आपण ‘तांत्रिक चुका काढणारी’ म्हणतो.

३

आता तीन चित्रपट आणि त्यांविषयी माझ्या कानांवर आलेली तीन मते घेऊ. ही पाहणी नव्हे; वाचनाचा प्रयत्न आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला (२०१४) उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तो पाहून बाहेर पडताना न्यायालयात नोकरी करणारे एक गृहस्थ म्हणाले, ‘रोज तिथं जे बघतो तेच आहे. होत काहीच नाही. यात बघायचं काय?’ तेव्हा मी मनात हसलो होतो. आज वाटते, त्यांनी चित्रपट पुरता पाहिला होता. तारखांमागून तारखा पडतात, एका शाहिराचे आयुष्य त्यात झिजते आणि काही होत नाही, हेच तर चित्रपटाचे म्हणणे. शेवटी न्यायाधीश सुटीच्या सहलीत बाकावर डुलकी घेतात, मुले त्यांना ओरडून जागे करतात, एका मुलाला चापट बसते आणि ते पुन्हा डोळे मिटतात. ‘होत काहीच नाही’ याहून नेमका सारांश मला सुचत नाही. फरक एवढाच की त्या गृहस्थांनी तो तक्रारीच्या रकान्यात लिहिला.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’विषयी (२०१३) ‘शेवट अर्धवट सोडला’ हे मत अनेकांचे होते. जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. हा शेवट अर्धवट आहेच, कारण पुढचे आपल्याकडे सोपवले आहे. दगड लागला की नाही, हे ठरायचे आहे ते पडद्याच्या अलीकडे. ‘अर्धवट’ म्हणणाऱ्याला तो लागला असावा. न लागलेला माणूस बहुधा छायाचित्रणाविषयी बोलत बाहेर पडतो. मी तसाच बोलत बाहेर पडलो होतो.

तिसरे मत ‘सैराट’चे (२०१६). त्याविषयी दोन वाक्ये सगळीकडे ऐकू आली. पहिले, ‘मध्यंतरानंतर लांबला.’ हे निरीक्षण बरोबर, कारण तपासायला हवे. गाणी सगळी गावाकडे राहतात. हैदराबादच्या झोपडपट्टीत डोशाची गाडी आहे, कारखान्यातली नोकरी आहे, संशय आहे, भांडण आहे, पण नाचायला काही नाही. पूर्वार्धात खुर्चीवरून उठून नाचलेल्या प्रेक्षकाला चित्रपटाने खाली बसवले. ‘लांबला’ म्हणजे माझे गाणे काढून घेतले.

दुसरे वाक्य, ‘शेवट असा नको होता.’ माझ्या मामेबहिणीने ते गाडीतळावर म्हटले. मी लगेच तिला समजावू लागलो: वास्तव असेच असते, गोड शेवट ही खोटी सवय आहे, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘ते कळलं रे. पण पोरगी बरोबर होती ना.’ तिची दहावीतली मुलगी चार पावलांवर उभी होती.

ते मत मला उद्देशून नव्हतेच. आणि ते मी ऐकलेही चुकीचे. ‘शेवट चुकला’ असे ती म्हणाली नव्हती. ‘नको होता’ म्हणाली होती. आपल्याकडे तरणेताठे माणूस गेले की लोक म्हणतात, ‘असं व्हायला नको होतं.’ त्यात दैवाच्या कथानकाचे परीक्षण नसते, शोक असतो. रक्ताने माखलेल्या बालपावलांचे ठसे उमटत गेले तेव्हा नाचून दमलेले ते प्रेक्षागृह निःशब्द झाले होते. भरताच्या परिभाषेत एकाच खेळात मानुषी सिद्धीही झाली आणि दैवीही. त्या शांततेतून बाहेर आलेले पहिले वाक्य मी सौंदर्यशास्त्रातली चूक म्हणून दुरुस्त करत होतो.

४

याचा अर्थ प्रेक्षक नेहमी बरोबर असतो असा नाही. ‘सिनेमात जात कशाला आणायची?’ हेही सहज मतच आहे, आणि तेही मी अनेकदा ऐकले. त्याच्यापुढे मान तुकवण्याचे कारण नाही. पण तेही वाचावे लागेल. इतकी वर्षे पडद्यावर जी आडनावे, वाडे आणि देवघरे दिसत होती त्यांत जात नव्हती काय? ती दिसत नव्हती, कारण ती बोलणाऱ्याची होती. त्याचे मत चित्रपटाविषयी चूक असेल; स्वतःविषयी ते खरी साक्ष देते. समीक्षेने ही साक्ष नोंदवावी, उलटतपासणीही करावी. साक्षीदारालाच बाहेर काढू नये.

म्हणून सूचना साधी आहे. चित्रपटावर लिहिणाऱ्याने बाहेर पडण्याची घाई करू नये. कोण बोलले, कोणाला म्हणाले, जवळ कोण उभे होते, क्रियापद कोणते वापरले, एवढे टिपून ठेवावे. पन्नास वर्षांनी कोणी आजच्या प्रेक्षकाचा इतिहास लिहू लागले, तर कोटींच्या आकड्यांपेक्षा हे टिपण उपयोगी पडेल.

मामेबहिणीची मुलगी आता नोकरी करते. त्या दिवशी गाडीतळावर ती काही बोलली नव्हती. तिचे मत काय होते, ते मी तेव्हा विचारले नाही.