'उपेक्षा' आणि 'दुर्लक्ष' : एक अर्थविचार

मराठीतील लहानमोठे कोश पाहिले असता 'उपेक्षा' ह्या शब्दापुढे 'दुर्लक्ष', 'हेळसांड', 'अनादर' असे प्रतिशब्द आढळतात. एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाने सांगावयाचा म्हटल्यावर थोडी झीज सोसावी लागते, हे खरे. परंतु प्रतिशब्दांची ही मांडणी वाचकाने समीकरण म्हणून स्वीकारली, की अर्थभेद पुसट होतात आणि त्यांच्याबरोबर जबाबदारीचे भेदही पुसट होतात. 'उपेक्षा' हा शब्द 'दुर्लक्ष' ह्या शब्दाचा पर्याय नव्हे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. विवेचनासाठी मावळ तालुक्याचा आधार घेतला आहे; कारण बौद्ध लेणी, लोणावळ्यातील योगविषयक अध्ययन आणि अगदी अलीकडची एक दुर्घटना अशा तीन ठिकाणी ह्या शब्दाचे तीन थर ह्या एकाच प्रदेशात पाहावयास मिळतात.

१

'उपेक्षा' हा शब्द 'उप' ह्या उपसर्गापासून व 'ईक्ष्' म्हणजे पाहणे ह्या धातूपासून सिद्ध झाला आहे. अपेक्षा, परीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण, समीक्षा हे सर्व त्याचे सगोत्र. संस्कृतात 'उपेक्ष्' ह्या क्रियापदाचा एक अर्थ नुसता 'पाहणे' असाच आहे; 'पाहत राहणे', 'पाहून सोडून देणे', 'चालू देणे' हे अर्थ त्यातून निघाले. म्हणजे उपेक्षेच्या मुळाशी दृष्टीचा अभाव नाही. तेथे दृष्टी आहे, कृती तेवढी नाही. 'दुर्लक्ष' ह्या शब्दाची गोष्ट वेगळी. लक्ष जेथे असावयास हवे तेथे ते नसणे, हा त्याचा आजचा अर्थ.

हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नाही, मराठी वाक्यरचनाही तो जपते. दुर्लक्ष एखाद्या गोष्टी'कडे' होते, उपेक्षा एखाद्या'ची' होते. पहिल्यात दिशा चुकलेली असते, दुसऱ्यात संबंध तुटलेला असतो. 'अनवधानाने दुर्लक्ष झाले' हे वाक्य सहज वाटते. 'अनवधानाने उपेक्षा झाली' हे कानाला खटकते. दुर्लक्ष जाणूनबुजून केले असे सांगावयाचे असल्यास 'मुद्दाम' हे क्रियाविशेषण जोडावे लागते. उपेक्षेला त्याची गरज सहसा भासत नाही. 'नकळत उपेक्षा झाली' असे क्वचित म्हटले जाते हे खरे; पण तेथे 'नकळत' हा शब्द आरोप सौम्य करण्यासाठी केलेली विनवणी असते. मूळ शब्दात जाणीव गृहीत नसती, तर ती विनवणी करावीच लागली नसती.

जवळच्या इतर शब्दांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. 'हयगय' कामात होते. तेथे नजर कर्तव्यावर असते. 'हलगर्जीपणा' करणाऱ्याचा असतो. तेथे नजर दोषी माणसावर असते. 'हेळसांड' ज्याची होते त्याची असते : मुलांची, रुग्णाची, गुराढोरांची. आपली काळजी आपण घेऊ न शकणारा जीव त्या शब्दात डोळ्यांपुढे उभा राहतो. 'उपेक्षा' हा शब्द मात्र पाहणारा आणि पाहिला गेलेला ह्या दोघांनाही एकाच वाक्यात समोरासमोर आणतो.

२

कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून पुढच्या काही शतकांत कोरली गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत 'वलुरक' हे तेथील स्थळाचे जुने नाव येते. त्यांत येणारा 'मामालाहार' हा प्रदेश म्हणजे आजचे मावळ असे अभ्यासक मानतात. हे शिलालेख प्रामुख्याने दानलेख असल्यामुळे भिक्षूंच्या साधनेची परिभाषा त्यांतून मिळत नाही. ती पाली ग्रंथांत शोधावी लागते. तेथे मेत्ता, करुणा, मुदिता व उपेक्खा हे चार ब्रह्मविहार सांगितले आहेत. ज्या शब्दाने आज आपण दोष दाखवितो, तोच शब्द येथे साधकाच्या चित्ताची एक श्रेष्ठ अवस्था सांगतो. सर्व प्राण्यांविषयी समभाव, राग आणि द्वेष ह्या दोहोंपासून मुक्त असे पाहणे, म्हणजे उपेक्खा.

एकच शब्द गुण आणि दोष ह्या दोन टोकांना कसा पोहोचला? ह्याचे उत्तर बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' ह्या पाचव्या शतकातील ग्रंथात सापडते. प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा व एक जवळचा शत्रू असतो, असे बुद्धघोष सांगतो. उपेक्खेचे दूरचे शत्रू राग व द्वेष. ते उघड असल्याने ओळखता येतात. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून येणारी उपेक्खा. गुणदोषांनी विचलित न होणे हे दोहोंत वरवर सारखेच दिसते. म्हणूनच दुसरी पहिलीच्या वेषात वावरू शकते. मावळातील लेणी कोरली जात होती त्या काळाच्या मानाने हा ग्रंथ उत्तरकालीन आहे, हे ध्यानात ठेवूनही असे म्हणता येते की, मराठी 'उपेक्षा' ह्या शब्दाला आज जो अर्थ उरला आहे तो ह्या जवळच्या शत्रूच्या शेजारचा आहे.

योगपरंपरेनेही ह्या शब्दाबाबत अशीच सावधगिरी बाळगली आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेल्या कैवल्यधामात ज्या पातंजल सूत्रांचे अध्ययन आजही चालते, त्यांतील पहिल्या पादात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ह्या चारींचा उल्लेख आहे. उपेक्षा ही अपुण्याविषयी सांगितली आहे. मात्र तिसऱ्या पादात मैत्री इत्यादींवर संयम केल्याने बळ प्राप्त होते असे सूत्रकार सांगतात, तेव्हा व्यासभाष्य उपेक्षेला त्यातून वगळते. पापशील माणसांविषयी उपेक्षा असते, पण ती भावना नव्हे. म्हणून तिच्यावर संयम होत नाही आणि तिच्यापासून बळही मिळत नाही, असा भाष्यकारांचा आशय आहे. चौघींत बसविलेली, परंतु बळ न देणारी अशी ही उपेक्षा आहे. ती साधकाला अपायापासून दूर ठेवते, दुसऱ्याला मात्र काहीच देत नाही.

राजनीतीने हा शब्द आणखी निराळ्या कामाला लावला. 'कामंदकीय नीतिसारा'त साम, दान, भेद, दंड ह्यांच्या जोडीला माया, उपेक्षा व इंद्रजाल हे उपाय येतात. शत्रूचे संकट दिसत असता हात न हालविणे हा तेथे राजाचा हिशेबी निर्णय आहे. साधना असो वा राजकारण, पाहणारा सावध आहे ही अट दोन्हीकडे कायम आहे.

मराठी भक्तिवाङ्मयात हाच शब्द दीनांच्या बाजूने उभा राहतो. समर्थ रामदासांच्या 'मनाच्या श्लोकां'त लागोपाठ काही श्लोकांच्या शेवटी 'नुपेक्षी' हे क्रियापद येते आणि त्याच्याशेजारी रामाला आपल्या दासाचा अभिमान आहे असे सांगितले जाते. येथे उपेक्षेच्या विरुद्ध 'लक्ष' हा शब्द ठेवलेला नाही, 'अभिमान' म्हणजे हा माझा आहे अशी जाणीव ठेवली आहे. ज्याच्यावर आपला काही हक्क आहे, त्यानेच पाहून न पाहिल्यासारखे केले, तर ती उपेक्षा. तिऱ्हाइताकडून फार तर दुर्लक्ष होईल.

३

आधुनिक लेखनात ह्या शब्दाचा जो वापर होतो तो दोन प्रकारे सदोष आहे. पहिला दोष म्हणजे 'उपेक्षित' हे विशेषण सरसकट जोडणे. मावळातील एखाद्या लेण्याचे वा किल्ल्याचे वर्णन करताना 'उपेक्षित' हा शब्द ठरल्यासारखा येतो. कार्ले येथे एकवीरा देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची रीघ असते. बेडशाकडे वाट वाकडी करणारे थोडे. परंतु जेथे गर्दी नाही ते स्थळ अपरिचित असेल, उपेक्षित असेलच असे नाही. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडशाच्या लेण्यात बड्या अधिकाऱ्यांच्या भेटींसाठी साफसफाई व रंगरंगोटी करण्यात आली आणि जुन्या चित्रांचे अवशेष त्यात नष्ट झाले. येथे कृतीची वाण नव्हती. दृष्टी तेवढी नव्हती. निगा राखणे म्हणजे हात फिरविणे एवढेच नव्हे, हे ह्या उदाहरणावरून दिसते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. 'उपेक्षित' ह्या कर्मणी रूपात कर्ता गळून पडतो. 'हा भाग उपेक्षित राहिला' ह्या वाक्यात राहण्याची क्रिया त्या भागाकडेच जाते, जणू उपेक्षित राहणे हा त्याचा स्वभावधर्मच. श्री. म. माटे ह्यांनी १९४१ साली 'उपेक्षितांचे अंतरंग' लिहिले तेव्हा त्या शब्दामागे उपेक्षा करणारा समाज उभा होता आणि वाचक त्यातच मोडत होता. आज तोच शब्द शासकीय व वृत्तपत्रीय भाषेत एक निरुपद्रवी गट सांगणारे नाम होऊ पाहत आहे.

४

शब्दांच्या ह्या गफलतीने काय बिघडते, असे कोणी विचारील. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. हा पूल धोकादायक असल्याचे आधीच ठरले होते, तशी सूचना देणारा फलकही तेथे होता. नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती, पण तो उभा राहिलेला नव्हता. सुटीच्या दिवशी पर्यटक पुलावर दाटले, आणि तो त्यांच्यासह खाली गेला.

ह्या घटनेविषयी बोलताना 'दुर्लक्ष' हा शब्द आपोआप ओठांवर येतो. वरील विवेचन ग्राह्य मानल्यास तो येथे चुकीचा आहे. दुर्लक्ष म्हणजे लक्ष नसणे. येथे लक्ष गेलेले होते. फलक हा त्याचाच लेखी पुरावा. फलक लावला होता, असे बचावादाखल सांगता येईल आणि फलक डावलणाऱ्यांची बेफिकिरीही नाकारता येणार नाही. तथापि, बेफिकिरी हा त्या क्षणीच्या माणसाचा दोष, तर संकट ओळखून, लिहून ठेवून, पुलावर जाण्याची वाट मोकळीच ठेवणे ही 'उपेक्षा' ह्या शब्दाची अगदी नेमकी व्याख्या. 'दुर्लक्ष झाले' असे म्हटल्याने चौकशीचा प्रश्न 'कोणाला ठाऊक नव्हते?' असा होतो. 'उपेक्षा केली' असे म्हटल्यास तो 'कोणाला ठाऊक होते?' असा होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहसा मिळत नाही. दुसऱ्याचे कागदोपत्री मिळू शकते.

म्हणून कोशकारांना एक सूचना करावीशी वाटते. 'उपेक्षा' ह्या नोंदीत 'दुर्लक्ष' हा प्रतिशब्द देण्यापूर्वी 'पाहून वा जाणून सोडून देणे' हा अर्थ प्रथम नोंदवावा आणि तटस्थता हा पारिभाषिक अर्थ बौद्ध व योगसाहित्याच्या निर्देशासह स्वतंत्रपणे द्यावा. लेखकांनीही 'उपेक्षित' असे लिहिताना, उपेक्षा कोणी केली हे त्याच वाक्यात सांगता येते का, ते पाहावे. सांगता येत नसेल, तर बहुधा दुसरा शब्द हवा असतो. सांगता येत असूनही आपण ते टाळत असू, तर ती उपेक्षा आपणच करीत असतो.