ठोकळ्यांच्या दुनियेतले बिनमालकीचे रान

स्वीडनमध्ये तयार झालेला, 2011मध्ये पूर्ण रूपात आलेला 'माइनक्राफ्ट' हा संगणकीय खेळ निरागस मानला जातो. मोकळा मुलूख आहे, मुलांनी हवे ते बांधावे! पण या मुलुखात उतरलेल्या खेळाडूचे पहिले काम कोणते? झाड तोडणे. लाकूड हाती आल्याशिवाय पुढचे फारसे काही सुचतच नाही.

जाणते खेळाडू तोडतील तितकी रोपे लावतात, डोंगर पोखरत नाहीत. हे चांगलेच. मात्र खरा सवाल काटकसरीचा नाही, इजाजतीचा आहे. या दुनियेत गावे आहेत, शेतकरी आहेत. त्यांचे पीक कापा, घर पाडा, कुणी हरकत घेत नाही. हरकत घेतात ते 2020मध्ये आलेले, पाताळातले 'पिगलिन'. त्यांच्यादेखत सोने खणले की ते चालून येतात. हक्क सांगणाऱ्याला डुकराचे तोंड दिले आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

नागभीडच्या माणसाला हा नकाशा अनोळखी वाटू नये. इंग्रजांच्या 1878च्या वनकायद्याने आणि पुढे 1927च्या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या वापरातले रान सरकारी ठरले. ज्याचा हक्क कागदावर नव्हता, तो आपल्याच रानात चोर ठरला. कारभारी साहेब गेले तरी कायदा राहिला. इथून वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात गेले की धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) लागते. 2006च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला 2009मध्ये सुमारे 1809 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. 2011मध्ये तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. किती तोडायचे, हे सर्वांच्या संमतीने ठरवायचे, ही मेंढ्याची रीत.

गंमत अशी की खेळातही बांबूचा बुडखा राखला तर तो पुन्हा वाढतो. म्हणजे जंगलाची अक्कल खेळाला आहे. ग्रामसभा तेवढी नाही. चार मुले एकत्र खेळताना ती भरवू शकतात: एकाने 'नको' म्हटले की कुऱ्हाड खाली. गावकऱ्याच्या पिकाला हात नाही. पिगलिनांचे सोने त्यांचेच. असा खेळ रेंगाळेल, घर बांधायला आठवडा लागेल. लागू द्या.